कामगारास उद्देशून

निवडणुकीतील भाषण हाही मराठी गद्याचा एक प्रकार मानला, तर त्याच्या वाट्याला समीक्षा फार थोडी आली असेच म्हणावे लागेल. कीर्तन, प्रवचन, पोवाडा, संमेलनाध्यक्षांचे भाषण ह्या सर्वांचा विचार आपल्याकडे झाला आहे. मैदानात ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून हजारो श्रमिकांना साद घालणाऱ्या वक्त्याची भाषा मात्र वार्ताहरांवर सोपवून साहित्याचे अभ्यासक मोकळे झाले. वार्ताहर काय बोलले गेले ते सांगतो. बोलणाऱ्याने समोरच्याला कोण ठरवले, कामगार म्हणून हाक मारली की आणखी काही म्हणून, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या, त्यातही वणीच्या कोळसापट्ट्याच्या संदर्भात विचारायचा आहे. त्यासाठी एका मराठी कादंबरीचा आणि एका नाटकाचा आधार घेतला आहे. दोन्ही कलाकृती मुंबईच्या आहेत, आणि त्या वणीत वाचताना कुठे अपुऱ्या पडतात हे पाहणे हाच ह्या लेखाचा खरा विषय आहे.

यवतमाळ म्हटले की वाचकाच्या मनात कापूस उभा राहतो, आणि गेल्या काही दशकांत कापसाबरोबर शेतकऱ्यांच्या आत्महत्याही. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वर्धा नदीच्या अलीकडे दुसरेच जग आहे. राजूर, उकणी, घोन्सा, कुंभारखणी, कोलार पिंपरी, निलजई ही नावे कोळशाच्या खाणींची. १ मे १९७३ रोजी देशातील दगडी कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७५ पासून ह्या भागातील खाणी नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहेत. राजूरला कोळशाच्या जोडीला चुन्याच्या भट्ट्या आहेत. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला आहे. वणीचा मतदार यवतमाळ जिल्ह्याचा, पण तो खासदार निवडतो चंद्रपूरचा. वसाहतींतून मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदीही कानावर पडते. थोडक्यात, ‘यवतमाळचा मतदार’ ह्या शब्दांनी जे चित्र पुढाऱ्यांच्या मनात उमटते, त्यात ही माणसे बसत नाहीत.

येथील दुःखही गिरणगावासारखे नाही. मुंबईत गिरण्या बंद पडल्या आणि कामगार उरला. नागपूरची १८७७ सालची एम्प्रेस मिल बंद झाली, पुलगावची गिरणी बंद झाली. तेथेही माणसे उरली. खुद्द यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातील पोफळीचा वसंत सहकारी साखर कारखाना कित्येक हंगाम बंद राहिला. कोळशाचे उलट आहे. कोल इंडियाचे उत्पादन २०२३-२४ ह्या वर्षात ७७ कोटी टनांच्या वर गेले. ह्या शतकाच्या आरंभी ते त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. ह्याच काळात तिचे कायम कामगार पाच लाखांवरून सव्वादोन लाखांच्या आसपास आले. भूमिगत खाणीच्या जागी उघडी खाण आली, फावड्याच्या जागी अजस्र यंत्र आले, आणि माती-दगड उपसण्याचे काम कंत्राटदाराकडे गेले. उद्योग जिवंत आहे, किंबहुना धष्टपुष्ट आहे. आक्रसला आहे तो त्यातला कामगार. बंद गिरणीवर शोकगीत लिहिता येते, तिच्या दारात सभा घेता येते. चालू खाणीच्या दारात कसली सभा घ्यायची?

आता कादंबरी. अरुण साधू मूळचे परतवाड्याचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि १९७७ साली आलेल्या ‘सिंहासन’ ह्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल ह्यांनी १९७९ साली ‘सिंहासन’ हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला कामगारपुढारी डिकास्टा आपल्या घरांतून विशेष कुतूहलाने पाहिला गेला असणार. मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि त्याहूनही चित्रपटांत ख्रिस्ती माणूस आला की तो बँड वाजवणारा, दवाखान्यातली सिस्टर, नाहीतर संध्याकाळी तोल जाणारा अंकल असायचा. डिकास्टा ह्यांपैकी कोणी नाही. त्याच्या ख्रिस्तीपणाला कथानकात फारसे काम नाही, आणि मला वाटते हाच साधूंनी त्याला दिलेला मान आहे. सतीश दुभाषींनी पडद्यावर उभा केलेला तो पुढारी पाहताना प्रेक्षकांना जॉर्ज फर्नांडिस आठवले. मंगळूरचा हा मुलगा बंगळूरच्या सेमिनरीतून बाहेर पडून मुंबईत आला, १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बलाढ्य नेत्याला पाडून लोकसभेत गेला, १९७४ चा रेल्वेसंप त्याने लढवला. कामगारांनी मत देताना त्याचे गाव, भाषा, धर्म विचारला नाही. ते दिवस फार काळ टिकले नाहीत. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई ह्यांचा खून झाला, आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. त्याच चाळींतून, त्याच पाळ्यांतून जाणाऱ्या माणसाला आता वेगळ्या नावाने हाक मारली जात होती, आणि तो ओ देत होता.

‘सिंहासन’चे यश असे की कामगारांचा संप आणि सत्तेची चढाओढ हे दोन वेगळे विषय नाहीत, हे साधूंनी ओळखले. व्यासपीठावरचे भाषण आणि बंद दारामागची बोलणी एकाच श्वासात वाचायला मिळतात. पण पत्रकाराची ही दृष्टी मंत्रालयाच्या उंचीवरून खाली पाहते. एखाददुसरा अपवाद सोडला, तर तेथून कामगार दिसतो तो जमाव म्हणून, पुढाऱ्याच्या पाठीशी उभा असलेला आकडा म्हणून. डिकास्टा कामगारांना काय सांगतो ते आपण ऐकतो. ते ऐकून रात्री घरी गेलेला माणूस बायकोला काय सांगतो, हे कादंबरीला फारसे ठाऊक नाही. दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो, तेही पत्रकाराचे हसणे आहे. ज्याचा पगार अडकला आहे त्याला तसे हसणे परवडत नाही.

ती उणीव जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने भरून काढली. १९९७ साली रंगमंचावर आलेल्या ह्या नाटकात पुढारी येतच नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ‘अधांतर’ त्या न संपलेल्या संपाच्या नंतरचे घर दाखवते. बाप गेलेला, आई घर सावरते आहे, तीन मुलगे आणि एक मुलगी. एक लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या नादात आहे, एक टोळीच्या वाटेने गेला. एके काळी मैदानात गर्जलेले शब्द ह्या खोलीत टोमणे, उसासे आणि शिव्या होऊन उरले आहेत. राजकीय भाषणाचे खरे परीक्षण अशा खोलीत होते. दत्ता सामंत कामगारांशी बोलत ते रुपयांत बोलत. अमुक वाढ, अमुक बोनस. त्या भाषेला अलंकार नव्हते, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसला. १९८४ साली काँग्रेसची प्रचंड लाट असताना कामगारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. तोवर संप हातचा गेला होता. १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली, त्याच वर्षी हे नाटक आले.

मुंबईचा हा इतिहास मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. विदर्भाचा मात्र कमी सांगितला गेला, आणि त्याचे एक सूत्र यवतमाळातूनच निघते. जांबुवंतराव धोटे यवतमाळचे. १९७१ साली त्यांनी नागपूरची लोकसभेची जागा जिंकली; पक्ष फॉरवर्ड ब्लॉक, विषय स्वतंत्र विदर्भ. नागपूर तेव्हा गिरण्यांचे शहर होते. त्याच शहरात अर्धेंदुभूषण बर्धन ह्यांनी कापडगिरणी आणि वीज कामगारांमध्ये आयुष्य घातले होते. १९५७ साली नागपूरने त्यांना विधानसभेत पाठवले होते. लोकसभेत कधीच नाही. पगाराच्या बोलणीसाठी कामगारांना बर्धन हवे होते. मत देताना त्यांच्यातल्या अनेकांना आपण ‘कामगार’ असण्यापेक्षा ‘वैदर्भीय’ असणे मोठे वाटले. धोट्यांच्या वक्तृत्वाची मोहिनी आजही जुनी माणसे सांगतात. ‘विदर्भवीर’ ही पदवी लोकांनीच दिली. त्या हाकेने माणसाला ताठ मान दिली हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु अभिमानाच्या भाषणात पगाराची ओळ कुठे येत नाही, आणि ती न आल्याचे सभेत कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे १९८० साली धोटे त्याच नागपुरातून काँग्रेसच्या इंदिरा गटातर्फे निवडून आले. २०१७ साली ते गेले. विदर्भाचे राज्य तोवर झाले नव्हते, एम्प्रेस मिल मात्र बंद झाली होती.

तिसरी हाक वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या दत्तोपंत ठेंगडींची. १९५५ साली त्यांनी भारतीय मजदूर संघ स्थापन केला. जगातील कामगारांनी एक व्हावे ही साम्यवाद्यांची घोषणा उलटी फिरवून, कामगारांनो जगाला एक करा, असे ते म्हणत. शब्द तेच, क्रम तेवढा बदलला, आणि समोरचा माणूस वर्गातून उठून राष्ट्रात जाऊन बसला. ह्या संघाने मे दिन नाकारून विश्वकर्मा जयंती हा कामगारांचा दिवस मानला. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. त्याच १९५५ साली पोप बारावे पायस ह्यांनी १ मे हा श्रमिक संत जोसेफ ह्यांचा सण म्हणून जाहीर केला. लाल झेंड्याच्या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न भोपाळला आणि रोमला एकाच वर्षी पडला. एकाने तो दिवस सोडला, दुसऱ्याने त्यावर सुताराची मूर्ती ठेवली. महाराष्ट्राने त्याच तारखेला आपला राज्यदिन केला, आणि कोळसा राष्ट्राचा झाला तोही १ मे रोजीच. वणीच्या खाणकामगाराला त्या दिवशी नेमके कशासाठी अभिनंदन मिळते, हे शोधण्याच्या भानगडीत त्याने पडू नये.

गेल्या दीड-दोन दशकांत भाषणाचे रूप पालटले आहे, आणि ह्या पालटाची काही ठळक उदाहरणे यवतमाळनेच देशाला दिली. २००८ साली विश्वासदर्शक ठरावावरील चर्चेत जळका ह्या गावच्या एका शेतकरी विधवेचे नाव लोकसभेत घेतले गेले आणि ते नाव रातोरात देशभर झाले. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे नरेंद्र मोदींनी ‘चाय पे चर्चा’ केली. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी ते पांढरकवड्यास महिला बचत गटांच्या मेळाव्याला आले. दाभडी आणि पांढरकवडा, दोन्ही गावे वणीबरोबरच चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात येतात. मंच खाली उतरला, चहाचा पेला आला, प्रश्नोत्तरे आली. वक्तृत्वाचा हा मोठा बदल आहे: गर्जना जाऊन गप्पा आल्या. तरी ध्वनिक्षेपक एकाच्याच हाती राहिला. कापसाच्या शेतापासून परदेशी बाजारापर्यंत नेणारे पाच ‘एफ’, म्हणजे फार्म, फायबर, फॅब्रिक, फॅशन, फॉरेन, हे सूत्र पुढे वस्त्रोद्योगाच्या सरकारी योजनेचे ब्रीद झाले. अनुप्रास सुरेख आहे. जिनिंगमध्ये हंगामापुरते राबणाऱ्या बाईचा शब्द ‘एफ’ने सुरू होत नाही, म्हणून ती त्यात नाही, एवढेच.

कोळशाच्या बाबतीत तर विषयच वर गेला. खाणवाटपातील गैरव्यवहाराचा प्रश्न चिकाटीने लावून धरणाऱ्यांत चंद्रपूरचे तेव्हाचे खासदार हंसराज अहीर होते. २०१२ साली महालेखापरीक्षकांनी १.८६ लाख कोटी रुपयांचा आकडा मांडला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून अधिक वाटपे रद्द केली. लोकप्रतिनिधीचे ते चोख काम होते. सभेत मात्र त्या आकड्याचा परिणाम वेगळा होतो. लाख कोटींच्या गडगडाटात दिवसाच्या हजेरीचा आकडा ऐकू येत नाही. २०१९ मध्ये अहीर पराभूत झाले, आणि त्या वर्षी राज्यात काँग्रेसला मिळालेली एकमेव लोकसभेची जागा हीच ठरली.

मग २०२४ साली नातीच आली: लाडकी बहीण, आणि तिच्या पाठोपाठ लाडका भाऊ. बहिणीला महिन्याला १५०० रुपये. भावाला सहा महिन्यांचे कार्यप्रशिक्षण आणि शिक्षणानुसार सहा, आठ किंवा दहा हजारांचे विद्यावेतन. चुनाभट्टीवर काम करणाऱ्या बाईच्या हाती स्वतःच्या नावाने दरमहा १५०० रुपये येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पोट भरलेल्यांनी त्यावर नाक मुरडू नये. आक्षेप हाकेच्या व्याकरणावर आहे. भावाने बहिणीला द्यायची ती ओवाळणी. ओवाळणी प्रेमाने दिली जाते, ती किती असावी ह्यावर बोलणी होत नाहीत, ती कमी पडली म्हणून कोणी संप करत नाही. वेतन हा शब्द दोन पक्षांमधला आहे. त्यात देणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात. कामगाराला भाऊ म्हटले की तो मेजाच्या पलीकडच्या खुर्चीतून उठून ताटासमोरच्या पाटावर येतो. पाट मऊ असेल, पण तेथून हिशेब मागता येत नाही.

११ नोव्हेंबर २०२४ रोजी उद्धव ठाकरे वणीला सभेसाठी आले. हेलिपॅडवर निवडणूक कर्मचाऱ्यांनी त्यांची बॅग तपासली. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले, आणि मोदी-शहांच्या बॅगा तपासता का, असे विचारले. दोन दिवस देशभर वणीचे नाव गाजले. पुढे इतर पक्षांच्या नेत्यांनीही आपापल्या बॅगा कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवल्या. त्या दिवशी वणीच्या मैदानात कोळशाविषयी, कंत्राटाविषयी काय बोलले गेले, हे त्या गदारोळात कुठेच उरले नाही. कोळसापट्ट्यातल्या सभेतून देशाने काय उचलले, तर एक बॅग. त्यात वक्त्याचाही पूर्ण दोष म्हणता येत नाही. आपणही तेच पाहत बसलो.

वणीच्या मतदाराने ह्या साऱ्याचे काय केले? जून २०२४ मध्ये चंद्रपूरची जागा काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकरांनी अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने राखली. नोव्हेंबरात राज्यभर महायुतीची सरशी झाली असताना वणीने मात्र २०१४ आणि २०१९ चा आपला कौल फिरवून विरोधी पक्षाचा आमदार निवडला. म्हणजे हाक मारली की मतदार धावतो, हा वक्त्यांचा आणि टीकाकारांचा समज तेवढासा खरा नाही. एक घर कल्पावे. बाप वेकोलितून निवृत्त, राष्ट्रीय कोळसा वेतन करारावर आयुष्य काढलेला. २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या करारात किमान लाभातली १९ टक्के वाढ त्याच्या मागून आलेल्या कायम कामगारांना मिळाली. मुलगा त्याच खाणीत, पण कंत्राटदाराकडे. त्याचा दर वेगळा, २०१३ पासून वेगळ्या समितीने ठरवलेला, आणि तो प्रत्यक्ष हातात पडतो की नाही हा आणखी वेगळा प्रश्न. सुनेच्या खात्यात १५०० रुपये. शेजारच्या गावचा सोयरा जमीन गेलेला, दोन एकरांस एक नोकरी ह्या २०१२ च्या धोरणाची वाट पाहणारा. चौघांचे हित एक नाही. बापाच्या कराराचे कौतुक करावे तर मुलगा दुखावतो. मुलाला कायम करा म्हणावे तर कंत्राटदार रागावतो, आणि कंत्राटदार व कार्यकर्ता ह्यांतील अंतर अनेक गावांत फार नसते. म्हणून वक्ता वेतनाचा विषय गाळतो आणि चौघांनाही एकदम लागू पडेल असा शब्द शोधतो: विदर्भ, राष्ट्र, भ्रष्टाचार, बहीण-भाऊ. हे शब्द खोटे नसतात. जेथे बोलायला हवे तेथे न बोलण्यासाठी मात्र ते उपयोगी पडतात. कायमस्वरूपी कामावर कंत्राटी माणूस नेमण्यास आळा घालण्यासाठी १९७० साली कायदा झाला होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. ह्या बदलाने मुलाचे काय होणार, हे त्याला समजेल अशा मराठीत सांगणे हेही एक भाषणच झाले असते.

साहित्याचीही येथे थोडी झडती घ्यावी लागेल. १९७३ साली, कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी, यवतमाळात ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा तेथे भरले. नयनतारा सहगल ह्यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, आणि गदारोळानंतर उद्घाटन जिल्ह्यातील एका शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. त्या धीटपणे बोलल्या, सभागृह हेलावले. काही महिन्यांतच त्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेच्या उमेदवार होत्या, पराभूत झाल्या. दुःखाला व्यासपीठ देणारे साहित्य आणि दुःखाला उमेदवारी देणारे राजकारण ह्यांच्यात चार पावलांचेच अंतर होते. शेतकऱ्याच्या दुःखाला निदान रूप सापडले आहे. ते ओळखू येते, त्याला चेहरा आहे. खाणीतल्या कंत्राटी मजुराच्या दुःखाला तसे रूप अजून आलेले नाही.

त्याचे नाटक लिहायचे तर ‘अधांतर’चा साचा चालणार नाही. तेथे काम थांबले होते आणि घर बसून होते. येथे कोणीच बसून नाही. मुलगा रात्रपाळीला जातो, पहाटे येतो. सून भट्टीवर जाते. सकाळी ओसरीवर निवृत्त बाप वर्तमानपत्रात करारातली टक्केवारी वाचतो. घराला हादरा बसतो तो खाणीतल्या सुरुंगाचा, आणि भिंतीला तडा गेला तर नुकसानभरपाईचा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा ह्यावर बाप-लेकांत वाद होतो. बापाचे म्हणणे, वेकोलिच्या. मुलाचे म्हणणे, कंत्राटदाराच्या. त्याला कामावर घेणारा तोच, म्हणून अर्ज द्यायला तो स्वतः जाणार नाही.